पाच जणांची खोली

१

नकाशेकाकांच्या पिशवीत रोज चार वस्तू असायच्या. पोलादी टेप, पेन्सिल, मापांची वही आणि एक वीट. विटेवरून ऑफिसात त्यांची भरपूर टिंगल व्हायची, पण काका काही हौसेनं वीट वागवत नव्हते. टेपला टोकं दोन असतात आणि काका होते एकटे. पूर्वी गृहनिर्माण खात्यात मापं घ्यायला जोडीनं माणसं जायची. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं आकडा वाचायचा आणि दोघांनी मिळून कंत्राटदाराला शिव्या घालायच्या. मग नवीन भरती बंद झाली. मोठे साहेब म्हणाले, "काका, तुम्ही जुने जाणते. एकट्यानं उरकाल." काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून टेपच्या टोकावर वीट ठेवायला सुरुवात केली.

ते आरेखक, म्हणजे नकाशे काढणारे. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. आता निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि खात्यानं त्यांना शेवटचं मोठं काम दिलं होतं. गावाबाहेरच्या माळावर सात-सात मजल्यांच्या चार इमारती उभ्या राहिल्या होत्या. तीनशे छत्तीस घरं, सगळी एकाच नकाशावरून बांधलेली, आणि तो नकाशा काकांच्याच हातचा. घरं लोकांच्या ताब्यात देण्याआधी प्रत्येक खोली मोजायची, नकाशाशी ताडून पाहायची आणि खाली सही करायची. काकांच्या सहीशिवाय एकालाही किल्ली मिळणार नव्हती.

त्यातलं एक घर खुद्द काकांचं होतं. कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या घरांतून त्यांना तिसऱ्या इमारतीतलं, चौथ्या मजल्यावरचं सहा नंबरचं घर लागलं होतं. बायको गेल्यापासून चौदा वर्षं काका भाड्याच्या एका खोलीत राहत होते. जेवताना रेडिओ लावायचे, ऐकायला नव्हे, समोर कुणीतरी बोलतंय एवढ्यासाठीच. त्यांची एकुलती एक लेक दोन मुलांना घेऊन दीर-जावेच्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दिवस काढत होती. जावई परदेशी कामाला गेला तो गेलाच, दोन वर्षांत चिठ्ठी नाही की चपाटी नाही. घर झालं की लेक आणि नातवंडं काकांकडे येणार होती. काका त्या दिवसाकडे डोळे लावून बसले होते.

२

पहिली इमारत सरळ पार पडली. दुसऱ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काका खिडकीशी वाकून माप घेत होते, तेव्हा त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. नुकताच दिलेला पांढरा रंग, आणि त्यावर तेलकट डाग. तळहाताएवढा, गोलसर, कडेला पिवळट.

असे डाग तुमच्या-आमच्या घरातही असतात. वर्षानुवर्षं एकाच जागी भिंतीला टेकून बसणाऱ्या माणसाच्या डोक्याचं तेल रंगात मुरतं. पण इथं अजून कुणी राहायला आलेलंच नव्हतं. रंगाऱ्यांचं काम, दुसरं काय, असं म्हणत काकांनी वहीत लिहिलं, "भिंतीस डाग, रंग पुन्हा देणे." मग सवयीनं त्यांनी डागाची उंची मोजली. जमिनीवर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण अडीच फुटांवर टेकतं. हा डाग दोन फुटांच्याही खाली होता.

शेजारच्या घरात गेले, तर तिथंही डाग. त्याच भिंतीला, तेवढ्याच उंचीवर. त्या मजल्यावरच्या बाराही घरांत तो होता.

खाली फाटकाशी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर राखणदार मावशी बसलेल्या असायच्या. नवरा वारल्यावर त्याची नोकरी यांना मिळालेली. बाई बोलायला फटकळ, पण मनानं सरळ.

"मावशी, वर पोरं खेळतात का हो? मजुरांची?"

"कुठली पोरं? कंत्राटदार कुटुंब आणू देत नाही साइटवर. सगळे एकटेच आलेले, आणि तेही गेले महिन्यापूर्वी."

"मग वर कोण जातं?"

"तुम्ही जाता," मावशी म्हणाल्या. "मी नाही जात. माझं काम फाटकाचं. दुपारी नळ सोडल्याचा आवाज येतो वरून, म्हटलं आलं असेल कुणी पाणीवालं."

काका हसले. इमारतींना पाणी अजून जोडलेलंच नव्हतं. टाकी उन्हानं तापली की पाइप वाजतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तसं त्यांनी मावशींना समजावूनही सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि तंबाखूची डबी उघडली.

३

आठवड्यानं रंगारी येऊन डाग पुसून गेले. काका पाहायला गेले, तेव्हा भिंती कोऱ्या होत्या. चार दिवसांनी डाग पुन्हा होते तिथंच होते.

त्याच दिवशी पाचव्या मजल्यावरच्या एका न्हाणीघरात त्यांना पावलं दिसली. गवंड्यानं घातलेला सिमेंटचा कोबा ओला असताना कुणीतरी त्यावरून चालून गेलं होतं आणि कोबा तसाच वाळला होता. काकांनी टेप लावला. साडेसात इंच. म्हणजे सात-आठ वर्षांच्या पोराचं पाऊल. चला, मावशी काही म्हणोत, कुणाचं तरी पोर आलं असणार.

ते उठणार एवढ्यात त्यांना टाच नीट दिसली. टाचेला भेगा होत्या. खोल, आडव्या-उभ्या, सिमेंटात जशाच्या तशा उतरलेल्या. अंगठा बाहेर वळलेला, करंगळी आत दबलेली. आयुष्यभर उभ्यानं काम केलेल्या बाईची पावलं अशी असतात. काकांच्या आईची अशीच होती. फक्त ही साडेसात इंचांची होती.

काका तिथंच उकिडवे बसून राहिले. शंकेची पाल चुकचुकली होती आणि ती कशाबद्दल, हेही त्यांना कळून चुकलं होतं. सहा वर्षं त्यांनी ते मनाच्या तळाशी दाबून ठेवलं होतं.

सहा वर्षांपूर्वी या योजनेची खोली बारा बाय दहाची होती. वरून कात्री लागली आणि ती दहा बाय नऊ झाली. पुन्हा कात्री लागली, नऊ बाय आठ झाली. मोठे साहेब टेबलाशी येऊन म्हणाले, "काका, समिती विचारणार की एवढ्याशा खोलीत पाच माणसांचं कुटुंब झोपणार कसं. त्यांना आकडे कळत नाहीत, चित्र कळतं. तुम्ही माणसंच झोपवून दाखवा."

काकांनी नकाशात पाच माणसं झोपवली. वरून पाहिल्यासारखी, डोक्याचा गोल आणि खाली पांघरूण. ती मावेनात. पाचवा भिंतीत घुसायचा. साहेबांना दाखवलं, तर ते म्हणाले, "बसवा हो कशीतरी." मग काकांनी माणसं थोडी लहान केली. मग आणखी थोडी. चौथ्या वेळी पाचही जण एका ओळीत छान मावले, वर ट्रंकेला जागा उरली. साडेपाच फुटी माणूस चार फुटांवर आला होता. समितीनं नकाशा पाहिला, कौतुक केलं आणि मंजूर केला. कुणीही मोजलं नाही. नकाशात भिंतींना मापं लिहितात, दारांना लिहितात. माणसांना कोण लिहितं?

४

तिसऱ्या इमारतीत जाताना काका जिन्यात उगाच खाकरायचे. दुसऱ्याच्या घरी जाताना आपण देतो तशी चाहूल द्यायचे. आपण हे का करतो, असं त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

चौथ्या मजल्यावर ते पाच नंबरच्या घरात शिरले. भर दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. खोली काटकोनात आहे की नाही, हे पाहायला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्यावं लागतं. काकांनी टेपचं टोक एका कोपऱ्यात सोडलं, टेप उलगडत समोरच्या कोपऱ्यात गेले, गुडघ्यावर बसले आणि ताण दिला. टेप सरळ झाला. त्यांनी आकडा वाचला. बारा फूट आणि अर्धा इंच. एकदम बरोबर. वहीत लिहिलं. पेन्सिल कानावर खोचली. आणि मग त्यांना वीट दिसली.

वीट दारातून दिसत होती. समोरच्या घरात, चार नंबरच्या खोलीत, मघाशी ठेवलेल्या जागी.

टेप अजून ताणलेला होता. काकांनी अगदी हलकेच, बोटभर ओढून पाहिला. पलीकडून बोटभर ओढला गेला.

कोपऱ्यात ऊन होतं, चुन्याचा भुगा होता, बाकी काही नव्हतं. टेपचं टोक जमिनीला टेकलेलं नव्हतं, वीतभर वर होतं. खाली बसलेलं माणूस हातात धरतं तेवढं.

काकांनी कळ दाबली. पोलादी टेप सुटला की सटकन येतो, बोट सांभाळावं लागतं. हा आला नाही. तो सावकाश, खोली ओलांडत, त्याच उंचीवरून आला. कुणीतरी धरून जवळ आणून द्यावा तसा. टेपच्या डबीत टोक शिरल्यावर बारीकसा टक् आवाज झाला आणि समोरची हवा किंचित कोमट लागली.

खरं सांगायचं तर काका घाबरून पळाले, पण ते जिन्यात आल्यावर. खोलीत असताना त्यांच्या मनात जे आलं, त्याची त्यांना नंतर फार लाज वाटली. त्यांच्या मनात आलं होतं की चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दुसरं टोक धरलं.

५

दुसऱ्या दिवशी काकांनी मूळ नकाशा काढला, त्यातल्या पाच माणसांवर पट्टी ठेवली आणि गुणाकार केला. मग डागांची उंची, पावलांची लांबी, सगळं त्याच प्रमाणात बसवून पाहिलं. बसलं.

ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, खोलीत पाच माणसं मावत नाहीत. मी नकाशात माणसं लहान काढली होती."

साहेबांनी वर पाहिलं. "आता आठवलं तुम्हाला?"

"चूक माझी आहे. लेखी देतो. ताबा थांबवा."

"काका, तीनशे छत्तीस कुटुंबं किल्लीची वाट बघतायत. थांबवलं तर दोन वर्षं चौकशी चालेल. तुमचं स्वतःचं घरही त्यातच आहे ना?" साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, माणसं सवय करून घेतात. घर लहान असलं की माणूस आपोआप आटोपशीर होतो. आणि तुम्ही जरा रजा घ्या, चेहरा बघा तुमचा."

टेपचं काही सांगायची काकांची छाती झाली नाही. टेबलाशी येऊन त्यांनी कागद ओढला आणि पत्र लिहायला घेतलं. तिसऱ्या ओळीवर असताना लेकीचा फोन आला.

"बाबा, मुलांचे शाळेचे दाखले काढले आज. इथं सांगूनही टाकलं. जाऊबाई बोलल्या काहीबाही, पण म्हटलं, बोला. एकोणीस तारखेला येऊ ना आम्ही?"

काकांनी पत्र उचललं आणि तिसरी ओळ पुन्हा वाचली.

"बाबा? काही अडचण आहे का? असली तर सांगा. मी काढीन इथंच अजून काही दिवस."

ती "काढीन" म्हणाली तो आवाज काकांना ओळखीचा होता. तिची आई शेवटच्या आजारात "बरं आहे" म्हणायची, तोच. हातातल्या पत्राकडे न बघता ते म्हणाले, "कसली अडचण? या. मी वाट बघतोय."

संध्याकाळपर्यंत त्यांनी उरलेल्या सगळ्या घरांवर सह्या केल्या. आत पाऊलही न टाकता.

६

एकोणीस तारखेला लेक आली. दोन पेट्या, एक गाठोडं, आठ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू. काकांनी दार उघडून दिलं आणि श्वास रोखून उभे राहिले.

लेक उंबऱ्यात थबकली. खिडकीपर्यंत गेली, ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला. पाणी आलं. तिनं वळून बापाकडे पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले. "बाबा, दार लावलं की कुणी आत येणार नाही, असं घर मला चार वर्षांत मिळालं नव्हतं हो."

काकांना गलबलून आलं. भिंत कोरी होती, त्यांनी आधीच पाहून घेतली होती. म्हटलं, झालं गेलं. माणसांचा वावर सुरू झाला की असलं काही राहत नाही.

त्यांना लगेच सोबत राहता आलं नाही. चारही इमारतींचे नकाशे घेऊन दहा दिवसांसाठी मुख्य कार्यालयात जायचं होतं. तिथून ते रोज फोन करायचे. पहिल्या दिवशी लेक म्हणाली, खोली लहान पडते, पाय पसरता येत नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाली, होतेय सवय. सहाव्या दिवशी हसून म्हणाली, "उगाच काळजी करत होतात. ऐसपैस होतं की."

"ऐसपैस?"

"हो ना. आणि सोबतही चांगली आहे."

"कुणाची सोबत? शेजारी आले का राहायला?"

मागे नात काहीतरी बोलली आणि तिला कुणीतरी उत्तर दिलं. बाईचा आवाज होता, पिकलेला, वय झालेल्या बाईचा. लेक म्हणाली, "ठेवते बाबा, पानं घ्यायचीत," आणि फोन बंद झाला.

७

अकराव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला काका बॅग घेऊन जिना चढले. घंटा वाजवली. आतून पावलं आली, कडी काढायला कुणीतरी स्टूल ओढलं. नात असेल, काका कौतुकानं म्हणाले.

दार उघडलं. स्टुलावरून लेक उतरत होती.

"आलात? या ना. किती वाळलात."

तिचा चेहरा उजळला होता. गाल भरले होते, डोळ्यांखालची वर्तुळं गेली होती. काकांना ती इतकी सुखी कधी दिसली नव्हती. ती त्यांच्या खांद्याला लागायची. आता तिचा भांग त्यांच्या शर्टाच्या खालच्या बटणापाशी होता. साडीच्या निऱ्या दुमडून दोनदा खोचल्या होत्या, तरी काठ जमिनीवर लोळत होता.

"कपडे सगळे सैल झाले बघा," ती सहज म्हणाली. "इथलं पाणीच तसं असेल."

आत खिडकीशी बाहुल्यांच्या मापाची झालेली नातवंडं सारीपाटासारखं काही मांडून बसली होती. ती धावत आली आणि आजोबांच्या गुडघ्यांना बिलगली. समोरच्या भिंतीवर डाग होता. एक नव्हे, पाच. तीन अजून फिकट होते.

ओट्यावर ताटं पालथी घातली होती. काकांनी मोजली, पाच होती. लेकीनं फडताळातून आणखी एक काढलं आणि पुसू लागली.

"बाळ," काका कसेबसे म्हणाले, "आपण इथं नको राहायला. चल, आत्ता. माझी जुनी खोली मी अजून सोडलेली नाही. उचल मुलांना."

"का?" तिनं खरोखर न कळून विचारलं. "कुठं जायचं, बाबा? तिथं आपण चौघं आणि भाड्याच्या त्या चार भिंती. इथं पाच जण कसे आरामात मावतो." ती क्षणभर थांबली आणि मग अगदी मायेनं, बापाला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली, "तुमचीच उंची जरा जास्त आहे. पण होईल हो. पहिले दोन-तीन दिवस जड जातात."

जेवणं झाली. कुणी कुठं बसलं होतं, ते काकांनी पाहिलं नाही. ते आपल्या ताटाकडे बघत राहिले. दोनदा कुणीतरी त्यांच्यापुढे वाटी सरकवली.

मग सगळ्यांनी वामकुक्षीसाठी अंथरुणं घातली. एका ओळीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत. लेक झोपली, तिच्या कुशीत नातू, पलीकडे नात. त्यांच्याही पलीकडे दोन पांघरुणं होती, गळ्यापर्यंत ओढलेली, संथपणे वरखाली होणारी. उशांवर काय आहे, ते काकांना उन्हाच्या तिरिपीत ओझरतं दिसलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. ते कुणा परक्याचे चेहरे नव्हते. तसे काकांनी ते नकाशात कधी नीट काढलेच नव्हते, नुसता गोल काढून सोडून दिले होते.

दाराला आतून कडी लावलेली नव्हती. जायचं म्हटलं तर कुणी अडवत नव्हतं. जिना उतरला की रस्ता, रस्त्यापलीकडे बस, बसनं अर्ध्या तासावर ती खोली आणि खोलीत तो रेडिओ. काका बॅगेचा बंद धरून बराच वेळ उभे राहिले. झोपेत लेक काहीतरी पुटपुटली आणि हसली.

त्यांनी बॅग खाली ठेवली. चष्मा काढून खिडकीत ठेवला, सदरा काढून घडी केली. ओळीत जागा शोधली. ती होती, पण फार थोडी. ते कुशीवर आडवे झाले, गुडघे पोटाशी घेतले, मान आत ओढली. तरी पाय उघडेच राहिले.

"जरा सरकता का?" ते हळूच म्हणाले.

पाठीमागे अंथरूण सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी त्यांना जागा करून दिली आणि एक लहानशी, ऊबदार पाठ त्यांच्या पाठीला येऊन टेकली. काकांनी गुडघे आणखी जवळ ओढले.